बंद पडलेल्या गाडीची जागा

खोपोलीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या एका गॅरेजात, ऑइलने काळ्याकुट्ट झालेल्या टेबलावर एका कारचं सिलिंडर हेड उलटं ठेवलं होतं. चार सिलिंडर, प्रत्येकाला चार, असे सोळा व्हॉल्व्ह. मिस्त्रींनी त्यातला एक उपसून माझ्या हातात दिला. बोटभर लांबीची पोलादी दांडी, टोकाला चकती. दांडी चकतीपाशी जराशी कलली होती; दाखवलं नसतं तर मला कळलंही नसतं. “सगळे असेच,” ते म्हणाले. शेजारच्या ट्रेमध्ये एक रबरी पट्टा पडला होता. त्याचे दाते एका जागी सोलून निघाले होते. एवढ्याशा पट्ट्याने एवढं मोठं काम काढलं होतं.

गाडी एक्स्प्रेस-वेवरून टोचन करून आणलेली. मालकाने फोनवर सांगितलं होतं की गाडी मस्त चालली होती, आवाज नाही, दिवा नाही, आणि मध्येच बंद पडली; पुन्हा सेल्फ मारला तर इंजिन नुसतंच भरभर फिरलं. मिस्त्रींना तेवढ्यावरूनच कळलं. इंजिनात कॉम्प्रेशन असेल तर सेल्फला जोर लागतो, त्याचा आवाज अडखळत येतो. तो हलका आणि सलग फिरला म्हणजे व्हॉल्व्ह उघडे राहिलेत, बेल्ट गेलाय. “मी म्हटलं, आता चावी फिरवू नका. पण तोवर त्यांचं पाच-सहा वेळा मारून झालं होतं.”

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वेग’ हा विषय दिला तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, वेगात असताना बंद पडलेल्या गाडीवर लिहिलं तर चालेल का? गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राने वेगासाठी दोन मोठे रस्ते बांधले. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे २००२ साली पूर्ण खुला झाला. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. या रस्त्यांनी वाचवलेल्या तासांबद्दल भरपूर लिहून झालं आहे. त्यांच्यावर थांबावं लागलेल्या माणसाबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून आधी खोपोली, मग घाट, मग जालना असा माझा प्रवास झाला.

इंजिन कशाने जातं

मिस्त्रींच्या लेखी बंद पडलेल्या गाड्यांच्या दोनच जाती आहेत: रस्त्यावरच चालू होणाऱ्या आणि टोचन करून आणाव्या लागणाऱ्या.

पहिल्या जातीत करंट आणि इंधन. बॅटरीचं टर्मिनल सैल झालेलं, डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरलेली, फ्यूज उडालेला. पेट्रोलच्या पंपाची रिले हा त्यांचा आवडता रोग, कारण त्याचा उपाय बॉनेटखालीच असतो. बऱ्याच गाड्यांत हॉर्नची रिले त्याच मापाची असते. ती काढून पंपाच्या जागी लावली की गाडी हॉर्नविना घरी पोहोचते. खुद्द पंप, म्हणजे टाकीतली मोटर, जळाली असेल तर मात्र काम वाढतं. ही मोटर पेट्रोलमध्ये बुडालेली असते आणि पेट्रोलच तिला थंड ठेवतं. कायम रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांच्या मोटरी लवकर जातात, असा त्यांचा अनुभव.

सगळ्यात फसवा रोग क्रँक सेन्सरचा. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर एक दातेरी चाक असतं, त्यातले एक-दोन दाते मुद्दाम गाळलेले. त्याच्यासमोर बसवलेला छोटा सेन्सर दाते मोजतो आणि पिस्टन या क्षणी कुठे आहे ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. जुना झालेला सेन्सर तापला की मुका होतो. पिस्टन कुठे आहे हेच कळेनासं झालं की कॉम्प्युटर इंधनही थांबवतो आणि ठिणगीही. धक्का नाही, धूर नाही, कोणीतरी चावी फिरवावी तसं इंजिन शांत. अर्ध्या तासाने सेन्सर निवतो, गाडी पहिल्या सेल्फला चालू होते आणि माणसाला वाटतं, झालं काहीतरी किरकोळ. पुढच्या तीस-चाळीस किलोमीटरवर ती पुन्हा बंद पडते. कदाचित या वेळी बोगद्यात.

दुसऱ्या जातीची कारणं मोजकी आणि महागडी. त्यातलं पहिलं टेबलावर पडलं होतं. महामार्गावर इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर क्रँक सेकंदाला पन्नास वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडून मिटतो. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकच जागा वापरतात, फक्त आळीपाळीने. ही पाळी सांभाळणं एवढंच टायमिंग बेल्टचं काम. तो तुटला की व्हॉल्व्ह असतील तिथे अडकतात आणि पिस्टन येऊन आदळतात. काही गाड्यांत बेल्टऐवजी चेन असते. ती जास्त टिकते, पण ऑइल वेळेवर बदललं नाही तर ताणली जाते आणि सकाळी गाडी चालू करताना खडखडते. बेल्ट काहीच बोलत नाही. तो किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं; सेकंडहॅंड गाडी घेणाऱ्याला बहुधा ते पुस्तक मिळतच नाही.

दुसरं कारण ऑइल. गावाबाहेरच्या उंच स्पीडब्रेकरवर खालून खाडकन लागतं, आपण चुकचुकतो आणि पुढे जातो. खाली ऑइलच्या चेंबरला बारीक चीर पडलेली असते. इंजिनातला क्रँक बेअरिंगवर टेकत नाही, मध्ये दाबाने आलेल्या ऑइलचा केसाहून पातळ थर असतो. चेंबर रिकामं झालं की तो थर जातो, धातूवर धातू घासतो. आधी टकटक, मग ठोकल्याचा आवाज, मग इंजिन सीज. डॅशबोर्डवर ऑइलच्या बुधलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर इंजिन बंद करायला काही सेकंदच हातात असतात. “लोक पुढच्या पंपापर्यंत नेतात,” मिस्त्री म्हणाले. “पंपावर ऑइल मिळतं. बेअरिंग मिळत नाही.”

तिसरं कारण उष्णता. पेट्रोलमधून निघालेल्या ऊर्जेतली ढोबळमानाने एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. तेवढीच सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली कूलंटला वाहून न्यावी लागते. होस पाइप फुटला, वॉटर पंप गळला किंवा फॅन फिरेनासा झाला की ही ऊर्जा इंजिनातच साठते. अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, त्याखालचं गॅस्केट उडतं, पाणी ऑइलमध्ये शिरतं. मग डिपस्टिक काढून पाहिली की ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. इथे एक गोम आहे. पाणी पूर्णच निघून गेलं तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा वर जाण्याऐवजी कधीकधी खाली येतो. चालवणारा निर्धास्त होतो, ते नेमकं इंजिनाच्या शेवटच्या मिनिटांत. हल्ली अनेक लहान गाड्यांत काटाच नसतो. गार असताना निळा आणि जास्त तापल्यावर लाल, असे दोन दिवे. मधलं काही कळायची सोय नाही.

पावसाळ्यात यात पाण्याची भर पडते. कोल्हापूरजवळ महामार्ग २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेला होता. अशा वेळी पाण्यात गाडी घातली आणि हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारणं हे तिथे सगळ्यात महागात पडतं. नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. नुसत्या यांत्रिक बिघाडाला तर विमा धरतच नाही.

पुढची वीस सेकंदं

ताशी शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ अठ्ठावीस मीटर. इंजिन थांबलं तरी गाडी थांबत नाही. सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता ती अर्ध्या किलोमीटरहून जास्त सहज घरंगळते. साधारण वीसास एक असा चढ असेल आणि वेग साठचा असेल, तर मात्र जेमतेम दोनशे मीटर. या अंतरात जे करायचं ते करायचं. घाटात बंद पडलेल्या गाड्या रस्त्याच्या मधोमध का सापडतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

खालापूरजवळ भेटलेल्या एका रिकव्हरी व्हॅनच्या चालकाने रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या इतक्या गाड्या उचलल्या आहेत की, त्याने आपल्यापुरता क्रमच लावून ठेवला आहे. “ताई, इंजिन गेलं की माणूस आधी चावीकडे जातो,” तो म्हणाला. “तिथंच घोळ होतो.” चावी पूर्ण मागे फिरली तर काही गाड्यांत स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बटणाच्या गाड्यांत लोक घाबरून बटण दाबत सुटतात. त्याच्या क्रमात चावी सगळ्यात शेवटी येते.

आधी आरसा आणि डावा इंडिकेटर. चारही दिवे एकदम लावले तर मागच्याला तुम्ही बंद पडलात हे कळतं, पण कुठे वळताय ते कळत नाही. डावीकडच्या पट्टीत शिरेपर्यंत इंडिकेटर, मग चारही दिवे.

मग स्टिअरिंग. पॉवर स्टिअरिंगची मदत गेली की ते जड होतं, पण फिरतं. बॅटरीवरच्या स्टिअरिंगला थोडा वेळ मदत मिळत राहते, पट्ट्यावर चालणाऱ्याला मिळत नाही. दोन्ही हातांनी, जोर लावून, थोडं थोडं.

ब्रेकचं गणित वेगळं. पायाने दाबलेल्या ब्रेकला मदत करणारी पोकळी इंजिन तयार करतं आणि ती एका डब्यात साठलेली असते. इंजिन थांबल्यावर त्या साठ्यावर दोन-तीन वेळा नीट ब्रेक लागतो. घाबरून पाय पुन्हा पुन्हा मारला तर साठा संपतो आणि पेडल दगड होतं. एकदाच दाबायचं आणि दाबून धरायचं. पेडल कडक झालं तरी ब्रेक असतात, फक्त पूर्ण ताकद लावावी लागते.

शेवटी गिअर. सेन्सरने किंवा पंपाने इंजिन बंद पडलं असेल तर गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकंच इंजिनाला फिरवत राहतात, त्यामुळे ब्रेकला मदतही मिळत राहते; पण गाडी लवकर मंदावते. अंतर हवं असेल तर क्लच दाबून घरंगळायचं. आणि चाकं ओढल्यासारखी वाटली, रबर घासल्याचा आवाज आला, तर इंजिन सीज झालंय. क्लच त्याच क्षणी दाबायचा. उतारावर मात्र न्यूट्रलचा मोह नको. इंजिनाची अडवणूक गेली की सगळा भार ब्रेकवर येतो. डिझेल वाचवायला घाट न्यूट्रलवर उतरणाऱ्या ट्रकांचे ब्रेक तापून निकामी होतात, हे बोरघाटातल्या अपघातांचं जुनं कारण आहे.

हे सगळं वाचायला दोन मिनिटं लागली. प्रत्यक्षात वीस सेकंदं असतात.

घाटाची जुनी रीत

खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर निघालं की शिंगरोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं, आणि वाट कळल्यावर त्यांनी त्यालाच गोळी घातली, अशी कथा सांगतात. येणारे-जाणारे चालक इथे नाणं टाकतात. मी उभी होते तेवढ्या वेळात एका टेम्पोने वेग कमी केला, काचेतून हात बाहेर आला, नाणं फरशीवर वाजलं आणि टेम्पो पुढे गेला.

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० चा, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीतला. घाटातली रेल्वे १८६३ ची. पायथ्यापासून खंडाळ्यापर्यंत थोड्याशा अंतरात जवळजवळ पाचशे मीटर चढायचं, हे मोटारी आल्या तेव्हा त्यांच्या इंजिनांना झेपणारं नव्हतं. प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बॅसॅडरच्या जमान्यात घाट चढताना गाडी तापणं हे गृहीतच होतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण जोरात, गाडीचा वेग मात्र कमी, त्यामुळे रेडिएटरला समोरून वारा नाही. शिवाय त्यात कूलंट नव्हे, घरून भरलेलं नळाचं पाणी. डिकीत पाण्याचा कॅन, पुढे जाड फडकं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस अशी मुलांना ताकीद. ती ताकीद आजही खरी आहे. झाकण दाबाचं असतं, त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

दुसरा त्रास पेट्रोलचा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, वाफ ओढली जायची नाही आणि गाडी बंद. उपाय ठरलेला होता: पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि गप्पा मारायच्या. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या, त्यांच्यामागे लावलेले दगड, झाडाची तोडलेली फांदी, शेजारी डबे उघडून बसलेलं कुटुंब हे दृश्य चाळिशीपुढच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेलं आहे. त्या दगडांचा त्रासही होता, कारण गाडी निघून जायची आणि दगड तिथेच राहायचे. पण थांबलेल्या गाडीला रस्त्याने जागा दिलेली होती. रस्ता सावकाश होता, कडेला माती होती, चार पावलांवर पंक्चरवाला होता आणि थांबून ‘काय झालं?’ असं विचारणारा कोणीतरी होताच.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचा रेडिएटरचा फॅन विजेवर, लागेल तेव्हाच फिरणारा. घाटात तापणं कमी झालं. नव्या शतकात कार्ब्युरेटर गेले, इंधन इंजेक्शन आलं. पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. गाड्या इतक्या भरवशाच्या झाल्या की लोकांनी बॉनेट उघडणंच सोडलं. डिकीतून कॅन गेला. काही गाड्यांतून स्टेपनीही गेली.

कठड्याच्या आतला रस्ता

एक्स्प्रेस-वे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, सहा पदरी, दोन्ही बाजूंनी बंदिस्त. समृद्धी ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा, तोही बंदिस्त. कारला वेगमर्यादा ताशी १२०. या दोन्ही रस्त्यांवर दुचाकींना मनाई आहे. सुरक्षेसाठी ती योग्यच आहे. पण तिचा एक परिणाम मला जालन्यात, समृद्धीच्या इंटरचेंजपासून जवळ असलेल्या एका गॅरेजात कळला.

तिथला मेकॅनिक पंचवीस-सव्वीस वर्षांचा, आयटीआय केलेला. जुन्या रस्त्यावर गाडी बंद पडली की त्याचे वडील मोटरसायकलला हत्यारांची पेटी बांधून निघायचे. पाने, पकड, फॅनबेल्ट, वायरचे तुकडे, एक लिटर ऑइल. पेट्रोलचे पैसे सुटले की धंदा झाला. समृद्धीवर मोटरसायकल नेता येत नाही. जायचं तर चारचाकी हवी, टोल भरायचा. गाडी समोरच्या बाजूला असेल तर मधला दुभाजक ओलांडता येत नाही. पुढच्या इंटरचेंजपर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. दोन इंटरचेंजमधलं अंतर वीस-तीस किलोमीटर असू शकतं. “रिले बदलायला पाच मिनिटं लागतात,” तो म्हणाला, “आणि तिथं पोचायला तास.” गॅरेजच्या मागच्या दारातून महामार्गाचा कठडा दिसतो. बंद पडलेली गाडी दोनशे मीटरवर असली तरी त्याचा हिशेब हाच.

रस्ता बंदिस्त केला की कडेची सगळी दुनिया कुंपणाबाहेर जाते. तिची जागा गस्तीच्या गाड्या, क्रेन, नियंत्रण कक्ष आणि मदत क्रमांकांनी घ्यायची असते. एक्स्प्रेस-वेवर ही व्यवस्था बऱ्यापैकी रुळली आहे. समृद्धीवर सुरुवातीच्या काळात लांबच लांब अंतरावर पंप नव्हता, चहा नव्हता; आता हळूहळू सोयी येत आहेत. मदत मागताना नियंत्रण कक्षाला दोन गोष्टी हव्या असतात: कठड्याजवळच्या पाटीवरचा किलोमीटरचा आकडा आणि गाडी कोणत्या दिशेच्या मार्गिकेवर आहे. बहुतेकांना यातलं काहीच सांगता येत नाही. ते सांगतात, “एक बोगदा गेला, मग डावीकडे डोंगर आहे.”

तोवर गाडीत बसून राहणं हा सगळ्यात मोठा धोका. शंभरने येणारी गाडी पन्नास मीटर अंतर दोन सेकंदांच्या आत कापते. गाडीमागे दहा पावलांवर ठेवलेला त्रिकोण तिला काहीच सांगत नाही. तो शंभर मीटर मागे हवा. आणि तिथवर चालत जायचं तर रस्त्यावरून नव्हे, कठड्याच्या पलीकडून, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून. माणसांनी डाव्या दारांनी उतरायचं, कठडा ओलांडायचा आणि गाडीच्या मागच्या बाजूला, थोडं दूर थांबायचं, कारण धडक बसली तर गाडी पुढे ढकलली जाते. रात्री पावसात लहान मूल आणि म्हातारी आई बरोबर असताना हे करायला सांगणं सोपं नाही. तरीही गाडीच्या आत बसण्यापेक्षा ते बरं.

दुसऱ्याला धोका होईल अशा जागी वाहन सोडून ठेवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हा आहे. बंद पडलेल्या माणसाला त्याची आठवण करून देण्यात हशील नाही. पण फोटो काढायला, चहा प्यायला साइडपट्टीवर गाडी लावणाऱ्यांना ती करून द्यावी. बंद पडलेल्याच्या वाट्याची जागा ते घेतात.

टोचन

खालापूरच्या त्या चालकाची व्हॅन सपाट पाट्याची आहे. पाटा मागे कलतो, विंचच्या तारेने गाडी वर ओढली जाते, चारही चाकांना पट्टे लागतात. दोराने किंवा साखळीने ओढायचे दिवस अजून संपलेले नाहीत, पण त्याला ते आवडत नाही. ओढल्या जाणाऱ्या गाडीचं इंजिन बंद असतं, म्हणजे ब्रेक कडक आणि स्टिअरिंग जड. पुढच्याने ब्रेक लावला की मागचा आदळतो. ऑटोमॅटिक गाडी तर चाकांवर ओढायचीच नाही. तिच्या गिअरबॉक्समधलं ऑइल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरवत नेली की गिअरबॉक्स कोरडाच फिरतो आणि एका बिघाडाचे दोन होतात.

भावाची घासाघीस रस्त्यावर होते, तीही रात्री, आणि रात्रीचा भाव वेगळाच. विम्याबरोबर किंवा गाडीबरोबर रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर हा प्रश्न येत नाही. पण अनेकांना आपल्याकडे ते आहे हेच आठवत नाही. त्याने मला सांगितलं, गाडी चढवून झाली की तो मालकाला विम्याचा कागद काढायला लावतो. कधीकधी त्यात त्याचं स्वतःचंच गिऱ्हाईक जातं. “जाऊ द्या,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी आठवण ठेवतो माणूस.”

कान आणि स्कॅनर

जालन्याच्या तरुणाकडे स्कॅनर आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो लावला की गाडीचा कॉम्प्युटर कोड सांगतो. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ०३०० म्हणजे इंजिन मिसफायर. वडील शेजारी बसून ऐकतात. एका गाडीचा पी ०३३५ कोड आला, मुलाने सेन्सर मागवायला फोन हातात घेतला. वडिलांनी वायर हलवून पाहिली. सॉकेटपाशी उंदराने कुरतडली होती. दोघेही हसले. कोड रोगाचं ठिकाण सांगतो, कारण शोधायला माणूस लागतो.

नव्या डिझेल गाड्यांनी आणखी एक प्रकार आणलाय. बीएस-६ नियम एप्रिल २०२० पासून लागू झाले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला गाडी बराच वेळ गरम, वेगात चालावी लागते. शहरातच रखडत चालणाऱ्या गाडीत फिल्टर तुंबतो आणि कॉम्प्युटर इंजिनाची ताकद आवळतो. मग महामार्गावर गाडी बंद पडत नाही, पण चाळीसच्या वर जात नाही. एकशेवीसच्या रस्त्यावर चाळीसने चालणारी गाडी ही जवळजवळ थांबलेलीच.

मी दोन्ही मिस्त्रींना विचारलं, यातल्या किती गाड्या खरोखर न सांगता बंद पडतात? खोपोलीचे म्हणाले, सेन्सर आणि बेल्ट सोडले तर फारच थोड्या. पार्किंगमध्ये खाली पडलेला हिरवा थेंब, सकाळची खडखड, दर आठवड्याला टाकावं लागणारं पाणी, एसी लावला की सरकणारा काटा हे सगळं आधी येऊन गेलेलं असतं. काटा चढताना दिसला तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावायचा, हा त्यांचा जुना सल्ला आजही चालतो. हीटर इंजिनाचीच उष्णता गाडीत आणतो, म्हणजे तो दुसरा छोटा रेडिएटर झाला. घामाघूम व्हायला होतं, पण साइडपट्टीपर्यंत पोचता येतं.

शिकवायचं राहून गेलेलं

आपली ड्रायव्हिंग स्कूलं गाडी चालू करायला, रिव्हर्स घ्यायला, चढावर थांबवून पुढे न्यायला शिकवतात. इंजिन गेल्यावर जड स्टिअरिंग फिरवून, एकाच दमात ब्रेक धरून गाडी डावीकडे कशी न्यायची, हे मी विचारलेल्यांपैकी कोणालाही कधी शिकवलं गेलं नव्हतं. मोकळ्या मैदानात, अगदी कमी वेगात, शेजारी शिकवणारा असताना हा अनुभव एकदा घेता येतो. पेडल कडक होणं म्हणजे ब्रेक जाणं नव्हे, हे पायाला एकदा कळलं की पुढे ते विसरलं जात नाही. लायसन्सच्या चाचणीत याला जागा मिळायला हरकत नसावी.

रस्त्याकडूनही मागण्यासारखं आहे. घाटात गाडी चढावर दोनशे मीटरच घरंगळते, तर बाजूला घ्यायच्या मोकळ्या जागा त्या हिशेबाने हव्यात. बंदिस्त रस्त्याने स्थानिक मिस्त्रीला बाहेर ठेवलं असेल, तर नोंदणी करून, ओळखपत्र देऊन, टोल माफ करून त्याला आत यायची वाट हवी. त्याच्याजवळ पाच मिनिटांची रिले असते, क्रेनजवळ नसते. आणि किलोमीटरच्या पाट्या अंधारात, पावसात, घाबरलेल्या माणसाला वाचता येतील अशा हव्यात.

बाकीचं आपलं आपण करायचं आहे. फास्टॅग आल्यापासून हातात टोलची पावती पडत नाही, आणि अनेक ठिकाणी तिच्यावर छापलेला मदत क्रमांकही तिच्याबरोबर गेला. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आणि कुठल्याही संकटात ११२ हे दोन लक्षात राहण्याजोगे आहेत. एक्स्प्रेस-वे आणि समृद्धी ही राज्याची कामं, त्यांचे क्रमांक वेगळे, नाक्यावर फलकांवर लिहिलेले. शेजारी बसलेल्याला ते मोबाइलमध्ये भरून घ्यायला सांगा. बेल्ट कधी बदलला होता, हे आठवत नसेल, तर तो प्रश्न मिस्त्रींना निघायच्या आधी विचारा. निघाल्यावर विचारला तर ते उत्तर देतील, पण तेव्हा सोळा व्हॉल्व्हचं बिल त्या उत्तरासोबत येईल.